धमकी आली की ठरवतं कोण?
एका लेखात म्हटलंय, पुण्याच्या लोहगाव विमानतळावर बॉम्बची धमकी आली की ती किती गंभीर, याचा निर्णय पोलीस घेतात. एकटे नाही घेत. त्यासाठी 'बीटॅक' (बॉम्ब थ्रेट असेसमेंट कमिटी), म्हणजे बॉम्बच्या धमकीचं मूल्यमापन करणारी समिती बसते: विमानतळ प्रशासन, सीआयएसएफ (विमानतळाची सुरक्षा पाहणारं केंद्रीय दल), विमान कंपनी, स्थानिक पोलीस, गुप्तचर वगैरे. प्रश्न एकच, धमकी 'स्पेसिफिक' (नेमकी) की 'नॉन-स्पेसिफिक' (मोघम)? फ्लाइट नंबर, वेळ, जागा असा नेमका तपशील असेल तर पहिली; मग विमान बाजूला, आयसोलेशन बेमध्ये, म्हणजे इतरांपासून दूर राखलेल्या जागी नेऊन झडती. घोळ होऊ शकतो तो धमकीचा फोन घेणाऱ्यापाशी. बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे न लिहिता त्याने नुसता सारांश कळवला, तर समिती वर्गवारी करणार कशावरून? त्यात पुण्याची धावपट्टी आणि एटीसी (हवाई वाहतूक नियंत्रण) हवाई दलाकडे, म्हणजे विमान हलवायलाही त्यांच्याशी बोलणं आलंच. बातम्यांत मात्र श्वानपथक तेवढं दिसतं!