४.१.० वरून ९.०.० वर गेलेल्या कन्सोलबाबत आपल्या अभिप्रायास उत्तर

महोदय,

सप्रेम नमस्कार.

जेल रोडवरील आमच्या दुकानाला एक स्टार देऊन आपण जो अभिप्राय लिहिला आहे, तो मी दोनदा वाचला, त्या दिवशीचे जॉबकार्ड काढून पाहिले आणि काम करणाऱ्या कारागिराशीही सविस्तर बोललो. आपली तक्रार थोडक्यात अशी आहे: आपला निन्टेंडो स्विच हा गेम कन्सोल गेम कार्ड (कार्ट्रिज) वाचत नव्हता म्हणून आपण तो आमच्याकडे दिला. आम्ही १,९०० रुपये घेऊन स्लॉट बदलला, पण कन्सोल परत मिळाला तेव्हा त्यातील फर्मवेअर (यंत्र चालवणारी प्रणाली) ४.१.० ऐवजी ९.०.० झालेले होते. आपण विचारल्यावर काउंटरवरून "फ्यूज उडाले, आता खाली येणार नाही" एवढेच उत्तर मिळाले. इंदूरमधीलच दुसऱ्या एका दुकानाने काम होईल असे सांगितल्यामुळे, आम्ही स्वतःची चूक झाकण्यासाठी खोटे बोललो अशी आपली समजूत झाली. शिवाय कस्टम फर्मवेअरचे (कंपनीबाहेरच्यांनी बदललेल्या प्रणालीचे) नाव काढताच आमच्या माणसाने आपल्याशी चोराशी बोलावे तसे बोलणे केले, असेही आपण लिहिले आहे.

चूक आमची आहे. फर्मवेअर आमच्याच टेबलावर बदलले आणि ते आपल्याला न विचारता बदलले. आपण कन्सोल कायम एअरप्लेन मोडमध्ये ठेवत होता, मग अपडेट आले कुठून, हा आपला प्रश्न रास्त आहे. स्विचच्या गेम कार्ट्रिजमध्ये खेळाबरोबर सिस्टीम अपडेटही साठवलेले असते. खेळाला नवी आवृत्ती लागत असेल तर कन्सोल इंटरनेटशिवाय, थेट कार्ट्रिजमधूनच ती चढवतो. नवा स्लॉट बसवल्यावर तो चालतो का हे पाहण्यासाठी आमच्या कारागिराने दुकानातले कार्ट्रिज घातले, पडद्यावर अपडेटची सूचना आली आणि रोजच्या सवयीने त्याने होकाराचे बटण दाबले. स्लॉट कार्ड ओळखतो एवढे कळायला पडद्यावर खेळाचे चित्र दिसणे पुरेसे होते. खेळ सुरू करण्याची गरजच नव्हती. मुलगा कामात चोख आहे, पण असे बटण दाबण्यापूर्वी ग्राहकाला फोन करायचा हे मी त्याला कधी शिकवले नव्हते, त्यामुळे हा दोष त्याच्यापेक्षा माझा अधिक आहे.

आता फ्यूजविषयी. आपण लिहिले आहे की बोर्डावरचा फ्यूज उडाला असेल तर तो बदलून द्यायला हवा होता, आणि आमच्या मुलाचे शब्द ऐकून कोणाचाही तसाच समज होईल. घरातला फ्यूज उडाला की आपण तार बदलतो. येथे ज्याला फ्यूज म्हणतात तो बोर्डावर नसून एनव्हिडियाच्या टेग्रा एक्स१ या मुख्य चिपच्या आत, सिलिकॉनमध्येच असतो. त्यात साठवलेला अंक शून्य असतो, तो एकदा एक केला की पुन्हा शून्य होत नाही. बदलण्यासाठी तेथे हात पोचत नाही आणि दुसरी चिप लावावी तर कन्सोलची मेमरी त्याच चिपच्या किल्ल्यांनी कुलूपबंद केलेली असते. प्रत्येक मोठ्या फर्मवेअरला किती फ्यूज जळलेले असावेत हे ठरलेले आहे: ४.१.० ला ५, ५.०.० ला ६, ९.०.० ला ११. कन्सोल सुरू होताना बूटलोडर (यंत्र सुरू करणारा प्रोग्राम) ही मोजणी करतो. फ्यूज कमी जळलेले असतील तर उरलेले तो स्वतः जाळतो, आणि ठरलेल्यापेक्षा जास्त जळलेले आढळले तर तेथेच थांबतो. आपल्या कन्सोलमध्ये पाचाचे अकरा झाले आहेत. आपल्याजवळ जुन्या मेमरीची पूर्ण प्रत आहे असे आपण म्हणता. ती जशीच्या तशी परत चढवली तरी ४.१.० चा बूटलोडर अकरा मोजेल आणि पडदा काळाच राहील.

फर्मवेअर मागे नेता येते असा आपला विश्वास होता, तोही निराधार नाही. प्लेस्टेशन पोर्टेबल या हातातल्या कन्सोलच्या काळात २.०० वरून १.५० वर येणे शक्य होते, आणि २००७ साली तर बॅटरीतील अनुक्रमांक बदलून यंत्राला सर्व्हिस मोडमध्ये (दुरुस्तीसाठीच्या अवस्थेत) नेण्याची युक्ती निघाली. अशा उतरणीने जुन्या आवृत्तीतले बंद केलेले दोष पुन्हा उघडे पडतात, म्हणून कंपन्यांनी परतीची वाट हार्डवेअरमध्येच बंद केली. एक्सबॉक्स ३६० मध्येही असेच फ्यूज होते, आणि ते जळू नयेत म्हणून जाणकार मंडळी बोर्डावरचा एक बारीक रेझिस्टर आधीच काढून ठेवत.

आपले नुकसान किती मोठे आहे याची मला पूर्ण जाणीव आहे, आणि ती काउंटरवर दिसली नाही याचे मला अधिक वाईट वाटते. एप्रिल २०१८ मध्ये टेग्रा एक्स१ च्या बूट रॉममधला, म्हणजे चिप सुरू होताच सर्वांत आधी चालणाऱ्या प्रोग्राममधला दोष जाहीर झाला, ज्यातून कस्टम फर्मवेअर चालवता येते. तो भाग कारखान्यातच कोरलेला असल्याने विकल्या गेलेल्या कन्सोलमध्ये तो दोष कोणत्याही अपडेटने दुरुस्त होत नाही, मात्र २०१८ च्या मध्यापासून नव्या कन्सोलमध्ये तो बंद करण्यात आला. आपला कन्सोल या नंतरच्या खेपेतला आहे. त्याच्यासाठी कस्टम फर्मवेअरची वाट ४.१.० मधील सॉफ्टवेअरच्या त्रुटींवरच अवलंबून होती, आणि म्हणूनच आपण ती आवृत्ती इतकी वर्षे जपली. आम्ही ती एका बटणाने घालवली.

दुसरे दुकान आपल्याला फसवत आहे असे मी म्हणणार नाही. सुरू होण्याच्या क्षणी चिपचा वीजदाब पळभर पाडून सहीची (फर्मवेअर कंपनीचेच आहे याच्या डिजिटल खुणेची) तपासणी चुकवणारी छोटी चिप बोर्डावर जोडता येते, आणि मग फ्यूजची मोजणीही टाळता येते. मात्र त्याने जळलेले फ्यूज परत येत नाहीत, तपासणी फक्त बाजूला ठेवली जाते. चिपशेजारच्या अगदी बारीक कपॅसिटरवर तार जोडावी लागते, आणि हात जरासा हलला तर बोर्डच जातो. हे काम आम्ही करत नाही, कारण त्याची हमी मला देता येणार नाही. आपण ते करून घेणार असाल तर हमी लेखी घ्यावी.

कस्टम फर्मवेअरबाबत आमच्या माणसाने जो सूर लावला तो चुकीचा होता, त्याबद्दल मी आपली क्षमा मागतो. सेव्ह डेटाची (खेळातील साठवलेल्या प्रगतीची) प्रत काढणे किंवा स्वतः लिहिलेला छोटा खेळ चालवून पाहणे यात चोरी नाही. कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५अ हे हक्कभंगाच्या हेतूने संरक्षण तोडणाऱ्यासाठी दोन वर्षांपर्यंतची कैद व दंड सांगते. म्हणजे प्रश्न हेतूचा आहे, आणि आपला हेतू काय हे ठरवण्याचा अधिकार आमच्या काउंटरला नाही. नक्कल केलेले खेळ भरून देणे आम्ही पूर्वीही नाकारले आहे आणि पुढेही नाकारू. पण आपण ते मागितलेच नव्हते, हे जॉबकार्डवरून स्पष्ट आहे.

आपले १,९०० रुपये पूर्ण परत मिळतील आणि नवा स्लॉट आपल्याकडेच राहील. याशिवाय दुकानात २०१७ चा एक स्विच आहे. त्याच्या उजव्या बाजूला कंट्रोलर बसतो त्या पट्टीतील दहावी पिन ग्राउंडला जोडून मी तो स्वतः रिकव्हरी मोडमध्ये नेऊन पाहिला आहे, आणि बूट रॉमचा दोष त्यात शाबूत आहे. म्हणजे त्यावर कोणतीही आवृत्ती असली तरी आपली वाट मोकळी राहील. पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात एक ओरखडा आहे, बॅटरी नवीन टाकली आहे. आपल्या कन्सोलच्या बदल्यात तो एकही रुपया न घेता द्यायची माझी तयारी आहे, आणि सेव्ह डेटा आपल्यासमोर बसून हलवून देऊ. तो ठेवायचा की आपलाच कन्सोल ठेवून फक्त पैसे घ्यायचे, हे आपण ठरवावे.

जॉबकार्डावर आता फर्मवेअर आवृत्तीचा रकाना आहे. कन्सोल घेताना आणि देताना तो ग्राहकासमोर भरून सही घेतली जाते. स्लॉट तपासण्यासाठी २०१७ चे जुने कार्ट्रिज वेगळे काढून ठेवले आहे, ज्यातले अपडेट ४.१.० पेक्षा जुने आहे. दुपारी बारानंतर मी स्वतः दुकानात असतो. आपण आलात तर आधी तो २०१७ चा कन्सोल हातात घेऊन नीट तपासावा, मगच निर्णय सांगावा.

आपला,
दुकानमालक