धूर फुफ्फुसात, मग गाठ मूत्राशयात कशी?

धूम्रपानाने मूत्राशयाचा कॅन्सर होतो आणि लघवीतून रक्त गेलं तर दुर्बिणीने तपासून घ्या, असं मी लेखात लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया कडक आहे, पण मुद्द्याची आहे. तुमचे दोन आक्षेप: धूर फुफ्फुसात जातो, त्याचा मूत्राशयाशी संबंध जोडून मी भीती घालतो. आणि तुमच्या निर्व्यसनी मामांच्या लघवीतून रक्त गेलं, गोळ्यांच्या कोर्सने थांबलं, मग लघवीच्या वाटेने मूत्राशयात दुर्बीण घालून तपासणी कशाला?

तंबाखूच्या धुरातली अ‍ॅरोमॅटिक अमाइन गटातली रसायनं फुफ्फुसातून रक्तात उतरतात. यकृत ती निकामी करायला जातं, पण त्यात काहींचं रूप उलट जास्त घातक होतं. मूत्रपिंडं ती गाळून लघवीत सोडतात. मूत्रपिंडातून खाली येणारी लघवी नळीत थांबत नाही. मूत्राशयात मात्र तासन् तास साठून राहते. तिथे ही रसायनं अस्तराच्या पेशींमधल्या डीएनएला चिकटतात. पेशी तो बिघाड दुरुस्त करतात, काही राहून जातात, आणि वर्षानुवर्षं साठलेल्या चुकांतून गाठ उभी राहते. म्हणून हा आजार बहुधा उतारवयात दिसतो.

हा धागा सिगारेटवरून हाती लागलेला नाही. १८९५ मध्ये फ्रँकफर्टचे सर्जन लुडविग रेन यांनी फुक्सिन रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांमध्ये मूत्राशयाच्या गाठी नोंदवल्या. ठपका आधी अ‍ॅनिलिन या रसायनावर गेला. खरे दोषी बेंझिडिन आणि २-नॅफ्थिलअमाइन ही अ‍ॅरोमॅटिक अमाइन गटातलीच रसायनं, हे पुढे कळलं. यातलं २-नॅफ्थिलअमाइन तंबाखूच्या धुरातही असतं. रंग आणि रबराच्या कामाचा उल्लेख लेखात राहिला, ही चूक माझी. मामांनी आयुष्यभर काय काम केलं, हे डॉक्टरांना जरूर सांगा. काम सुटून वीस-तीस वर्षं झाली असली तरी.

आता रक्ताबद्दल. पुष्कळ गाठी समुद्रातल्या शेवाळासारख्या आत झुलतात. त्यांच्या बारीक तुऱ्यांमधल्या नाजूक रक्तवाहिन्या फुटतात, लघवी लाल होते, मग रक्त गोठून वाहणं आपोआप थांबतं. दुखत काहीच नाही. पुढचं रक्त कधीकधी काही महिन्यांनी दिसतं. मधल्या काळात श्रेय गोळ्यांना मिळतं आणि गाठ वाढत राहते. सगळ्यांत जास्त नुकसान इथेच होतं, म्हणून मी इतकं ठासून लिहिलं. जळजळ नाही, ताप नाही, लघवीच्या कल्चरमध्ये (जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत) जंतू नाहीत आणि तरी रक्त आलं, तर त्याला इन्फेक्शन म्हणून सोडून देऊ नका. रक्त पातळ करणाऱ्या गोळीवरही परस्पर खापर फोडू नका.

सोनोग्राफी मूत्राशय भरलेलं असतानाच करायची. तरीही ती नॉर्मल आली म्हणजे झालं, असं नाही. लहान गाठी निसटतात. अस्तराला चिकटून सपाट पसरणारा प्रकार तर तिच्यात दिसतच नाही, आणि तोच जास्त आक्रमक असतो. दुर्बिणीची तपासणी जागा बधिर करणारी जेली घालून बहुधा काही मिनिटांत होते.

गाठ निघालीच, तर ती दुर्बिणीतून खरवडून काढतात. काढलेल्या तुकड्याच्या बायोप्सी रिपोर्टमध्ये एक ओळ शोधा: तुकड्यात मूत्राशयाचा स्नायू आला आहे का? आजार अस्तरापुरता आहे की स्नायूत शिरला आहे, यावर सगळे उपचार ठरतात. गाठ आक्रमक असून तुकड्यात स्नायूच नसेल, तर साधारण २ ते ६ आठवड्यांत पुन्हा खरवडावं लागतं.

मामांचे जुने रिपोर्ट घेऊन याच आठवड्यात युरॉलॉजिस्टकडे जा, आणि रक्त कोणत्या तारखेला दिसलं, रक्ताच्या गुठळ्या पडल्या का, हे लिहून न्या.