कॅसेट प्लेअर घेताना आतले चाक पाहावे

कॅसेट वाजवणारी नवी, खिशात किंवा पिशवीत मावणारी यंत्रे गेल्या काही वर्षांत पुन्हा विक्रीला आली आहेत. फ्रान्समधील वी आर रिवाइंडने अ‍ॅल्युमिनियमच्या पेटीतला प्लेअर काढला, फियो या चिनी कंपनीचा सीपी13 हा 2024 साली आला, आणि 2025 मध्ये मॅक्सेलनेही आपला एक प्लेअर बाजारात आणला. ही तीच मॅक्सेल, जिच्या कोऱ्या कॅसेटी भारी म्हणून आपण खास रेकॉर्डिंगसाठी राखून ठेवत असू. बाहेरून ही सगळी यंत्रे 1980 च्या दशकातली वाटावीत अशी घडवलेली आहेत. आत मात्र यूएसबी-सी चार्जिंग आहे आणि बहुतेकांत ब्लूटूथही आहे. परदेशातली किंमत साधारण शंभर ते दीडशे डॉलर, शिवाय मागवण्याचा खर्च आणि सीमाशुल्क वेगळे. एवढे पैसे मोजावेत का, असे ओळखीतले बरेच जण विचारतात, म्हणून माझे मत सविस्तर लिहितो.

घरात स्वतःच्या कॅसेटी असतील तर घ्यावा. प्लेअर घेतल्यावर कॅसेटी शोधाव्या लागणार असतील तर घेऊ नये. मुंबईत काळा घोड्याचे ऱ्हिदम हाऊस हे संगीताचे दुकान 2016 मध्ये बंद झाले, पुण्याच्या अलूरकर म्युझिक हाऊसच्या कॅसेटी आता कोणाच्या तरी संग्रहातूनच हाती येतात, आणि त्या काळी विकत मिळणारे बहुतेक संगीत आज फोनवर अधिक स्वच्छ ऐकू येते. फोनवर जे कधीच येणार नाही ते वेगळे आहे : आजीने जात्यावरच्या ओव्या म्हटलेली कॅसेट, चाळीच्या गणेशोत्सवातले भजन, एखाद्या मामाने आखाती देशातून पत्राऐवजी बोलून पाठवलेली टेप. मुंबईत सध्या इमारतीमागून इमारत पुनर्विकासाला जाते आहे. घर रिकामे करताना माळ्यावरचे बूटांचे खोके खाली येते, आत चाळीस-पन्नास कॅसेटी निघतात, त्या वाजवायला घरात काही नसते आणि भाड्याच्या घरात जागा नसते. मग ते खोके थेट भंगारवाल्याकडे जाते. या खोक्यासाठी प्लेअर घेणे मला रास्त वाटते. हौसेसाठी घेणाऱ्यांना माझा विरोध नाही, पण त्यांना सल्ल्याचीही गरज नाही.

आता घ्यायचा ठरला तर काय पाहावे? जाहिरातीत पहिल्या ओळीत ब्लूटूथ असते, दुसऱ्या ओळीत रंग असतात आणि ज्यावर सगळे अवलंबून ते फ्लायव्हील, म्हणजे आतले जड चाक, तळाशी कुठेतरी असते, किंवा नसतेच. कॅसेटमधली फीत जेमतेम 3.81 मिलिमीटर रुंद असते आणि ती हेडवरून, म्हणजे फितीवरचा आवाज वाचणाऱ्या भागावरून, सेकंदाला 4.76 सेंटिमीटर या वेगाने, एकसारखी सरकली पाहिजे. मोटरचे बारीक हिसके फितीपर्यंत पोचू नयेत म्हणून मध्ये हे जड चाक असते. चाक जितके वजनदार आणि नीट कातलेले, तितका सूर स्थिर. स्वस्त यंत्रांत हे चाक हलके असते, कारण त्यांची बहुतेक यंत्रणा तानाशिन या जपानी कंपनीच्या जुन्या साध्या रचनेची नक्कल आहे. मूळ कंपनीने ते उत्पादन कधीच थांबवले. फियोने आपल्या यंत्रात तीस मिलिमीटरहून थोडे मोठे, तांब्याचे चाक बसवले आहे आणि तसे ठळकपणे सांगितलेही आहे. ही माहिती देणारी कंपनी मला रंगांची यादी देणाऱ्या कंपनीपेक्षा अधिक विश्वासार्ह वाटते.

याची परीक्षा आपल्या संगीतात फार कडक होते. ड्रम आणि गिटारच्या गाण्यात वेग किंचित मागेपुढे झाला तर कानाला कळतही नाही. पण तानपुऱ्याची जुळलेली जोडी, हार्मोनियमवर धरून ठेवलेला षड्ज किंवा नाट्यपदाच्या सुरुवातीचा ऑर्गन लावा. यंत्र वाईट असेल तर पहिल्या अर्ध्या मिनिटात सूर पाण्यावर तरंगल्यासारखा हलताना ऐकू येतो. वेगातला फरक 0.3 टक्के असला तर सूर साधारण अर्ध्या स्वराच्या विसाव्या भागाएवढा सरकतो. ऐकायला हे नगण्य वाटेल, पण तेच सेकंदातून अनेकदा होऊ लागले की गायकाचा ठहराव कापरा वाटतो, आणि दोष आपण बिचाऱ्या गायकाच्या माथी मारतो. सोनीच्या 1984 सालच्या डब्ल्यूएम-डी6सी या व्यावसायिक वॉकमनचा हाच आकडा 0.04 टक्के होता. आजचे एकही नवे पोर्टेबल यंत्र त्याच्या जवळपास जात नाही. उलट नुसते बोलणे, कीर्तन, कथाकथन किंवा ओव्या असतील तर साधे यंत्रही पुरते. आपल्या खोक्यात काय आहे ते आधी पाहावे आणि मग खर्च ठरवावा.

नव्या यंत्रांत जुन्यांपेक्षा काय कमी आहे, हे कोणी सांगत नाही. डॉल्बी, म्हणजे फितीची खरखर कमी करणारी सोय, नाही, कारण त्या चिप आता बनत नाहीत. आपोआप दुसरी बाजू लावणारे ऑटो-रिव्हर्स बहुतेकांत नाही. आकारही मोठा आहे. सोनीने 1983 मध्ये जवळजवळ कॅसेटच्या डबीएवढा वॉकमन करून दाखवला होता, आजचे यंत्र शर्टाच्या खिशात घातले तर खिसा लोंबतो. डॉल्बीची खंत मात्र फारशी करू नये. घरगुती रेकॉर्डिंग बहुधा टू-इन-वनवर, म्हणजे रेडिओ आणि टेपरेकॉर्डर एकत्र असलेल्या यंत्रावर, झालेले असते आणि त्यांत डॉल्बी क्वचितच असे. विकतच्या कॅसेटीवर डॉल्बीची खूण असेल तर ती थोडी चिरकी वाजेल, खरखर वाढेल, एवढेच.

ब्लूटूथबद्दल माझे मत स्पष्ट आहे. फितीवरचा अ‍ॅनालॉग आवाज यंत्रात डिजिटल करायचा, दाबून लहान करायचा, हवेतून पाठवायचा आणि कानातल्या बोंडात पुन्हा अ‍ॅनालॉग करायचा, हा द्राविडी प्राणायाम ज्याला हवा त्याने करावा. आवाज वाईट होतो असेही नाही, कारण कॅसेटची मूळ मर्यादाच त्याहून मोठी आहे. पण त्यासाठी जास्तीचे पैसे देऊ नयेत. लोकलच्या गर्दीत वायरचे हेडफोन कोणाच्या तरी बॅगेच्या बंदात अडकतात, ही अडचण खरी आहे. तथापि त्याच गर्दीत धक्के बसून फितीचाही वेग हलतो, त्यामुळे हे यंत्र घरी खुर्चीत बसून ऐकायचे आहे असेच मी धरून चालतो. घरी वायर चालते. यूएसबी-सी चार्जिंगची मात्र मी मनापासून बाजू घेईन. पेन्सिल सेल उतरू लागले की गाणे हळूहळू जाड होत जाई आणि दर महिन्याला सेलचा खर्च वेगळा. ती कटकट पूर्ण मिटली आहे.

चोर बाजारातून किंवा ऑनलाइन जुना वॉकमन घ्यावा का, असेही विचारले जाते. चालू स्थितीतला, दुरुस्त केलेला मिळाला तर आवाजात तो नव्याला हरवतो. पण झाकण उघडल्यावर बहुधा दिसते ते असे : रबरी बेल्ट वितळून डांबरासारखा पुलीला चिकटलेला, फीत दाबून पुढे सरकवणारा रबरी पिंच रोलर कडक होऊन चकाकणारा, आणि मागे सुटलेल्या सेलचे हिरवे खार. हे निस्तरणारे कारागीर लॅमिंग्टन रोडच्या आसपास अजून मोजके आहेत. वय झालेले आहेत आणि सुटा भाग मिळेल तेव्हाच काम घेतात. तो नाद ज्याला आहे त्याने जरूर घ्यावा, ज्याला केवळ खोके ऐकून संपवायचे आहे त्याने नवे घ्यावे.

यंत्र आले म्हणजे लगेच आजीची कॅसेट घालू नये. मुंबईच्या पावसाळी दमटपणात फितीच्या कडेवर पांढरी बुरशी धरते. खिडकीतून गुंडाळीकडे पाहिले तर पिठाची चिमूट पडल्यासारखी दिसते. ती तशीच वाजवली तर हेडवर जाते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. कॅसेटच्या तोंडाशी, मधोमध, पितळी पट्टीवर बसवलेला नमद्याचा लहानसा चौकोन जागेवर आहे का तेही पाहावे. त्याचा गोंद सुकून तो गळालेला असतो आणि फीत हेडला टेकत नाही. आवाज पुसट येतो आणि आपण समजतो, रेकॉर्डिंगच गेले. आधी बिनमहत्त्वाची एखादी कॅसेट पूर्ण वाजवून फीत गुंतत नाही ना याची खात्री करावी. 120 मिनिटांच्या कॅसेटी तर सर्वांत शेवटी घ्याव्यात, कारण त्यांची फीत 60 मिनिटांच्या फितीच्या जवळपास निम्म्या जाडीची असते आणि चटकन ओढली जाते.

आवाज बोदा येत असेल तर बहुधा हेडचा कोन जुळत नाही. ज्या टू-इन-वनवर रेकॉर्डिंग झाले त्याचे हेड किंचित तिरके असेल तर नव्या सरळ हेडवर वरचे सूर नाहीसे होतात. 10 किलोहर्ट्झच्या सुराची एक लहर फितीवर पाच मायक्रॉनहूनही कमी लांबीची असते, तिथे केसभर तिरकेपणा फार होतो. हेडशेजारच्या लहान स्क्रूला अगदी पाव फेरा दिला, की भजनातले टाळ एकदम वेगळे ऐकू येऊ लागतात. मूळ जागेची खूण रंगाने करून मगच हात लावावा, आणि त्या कॅसेटीची नक्कल संगणकावर उतरवून झाली की स्क्रू परत खुणेवर आणावा. नक्कल हेडफोनच्या छिद्रातून साध्या वायरने घेता येते.

एक सूचना राहिली. काही नव्या यंत्रांत, उदाहरणार्थ वी आर रिवाइंडच्या, रेकॉर्डिंगची सोय आहे. फियोच्या सीपी13 मध्ये नाही. सोय असलेले यंत्र घेतले असेल तर प्रत्येक कॅसेटच्या वरच्या कडेला असलेल्या दोन्ही प्लॅस्टिकच्या टिकल्या, आत घालण्यापूर्वी, स्क्रूड्रायव्हरने मोडून टाकाव्यात, म्हणजे चुकून रेकॉर्डचे बटण दाबले गेले तरी जुने रेकॉर्डिंग पुसले जात नाही. घरात लहान मुले असतील तर हे काम त्याच दिवशी करावे.