ट्रेलर मिनिटभरात येतो, गेम यायला दोन महिने

१०० जीबीचा गेम आणि रोज दीड जीबीचं रिचार्ज. हिशेब करा, ६७ दिवस होतात. तेही घरातल्या कुणी त्या नंबरावर एकसुद्धा रील बघितलं नाही तर. २८ दिवसांची दोन रिचार्जं संपतात, तिसरं मारावं लागतं आणि मग कुठे गेम उघडतो. हा खर्च कुठल्याच जाहिरातीत नसतो. तिथे फक्त गेमची किंमत.

माल गिऱ्हाइकाच्या घरात नीट पोचवणं हे विकणाऱ्याचं काम, ही गोष्ट गेम कंपन्यांनी अंगावरून झटकून टाकलीय. नेट तुमचं, डिस्क तुमची, वीज तुमची, आणि हे विकताना सांगायचंही नाही. मुंबई-पुण्यात ते खपून जातं. राजापूर, देवगड, दापोलीच्या आतल्या वाड्यांत खपत नाही, म्हणून हे लिहितोय.

'आता फायबर आलंय की' असं म्हणणाऱ्यांसाठी आधी फायबरचंच बघू. ४० एमबीपीएसचा प्लॅन म्हणजे सेकंदाला ४० मेगाबिट. आठने भागा, ५ मेगाबाइट आले. या वेगाने १०० जीबीला साडेपाच तास लागतात, कागदावर. प्रत्यक्षात आपल्याकडे ही केबल विजेच्या खांबांवरून आणि माडांमधून गेलेली असते. जूनच्या वाऱ्यात एक झावळ पडली की संपलं. फायबरच्या बॉक्सवर एलओएसचा, म्हणजे सिग्नल तुटल्याचा, लाल दिवा लागला असेल तर केबल बहुतेक कुठेतरी तुटलीय किंवा वाकलीय. बॉक्स दहा वेळा बंद-चालू करून काही होत नाही, सरळ केबलवाल्याला फोन करा.

लाईट गेल्यावर बॉक्स चालू ठेवायला मिनी यूपीएस मिळतो. घेताना जुन्या ॲडॅप्टरवरचे व्होल्ट वाचा. बहुतेक बॉक्स १२ व्होल्टचे असतात, पण ९ व्होल्टच्या बॉक्सला १२ व्होल्ट लावले तर तो जळू शकतो. अँपिअर ॲडॅप्टरइतके किंवा जास्त चालतात, कमी नकोत. अर्थात चौकातल्या केबलवाल्याच्या पेटीची बॅटरी उतरली तर तुमच्या यूपीएसचा उपयोग शून्य. विजा कडाडायला लागल्या की ॲडॅप्टर भिंतीतून काढाच. काचेच्या धाग्यातून करंट येत नाही, तो सॉकेटमधून येतो आणि पुढे लॅनच्या वायरीने कॉम्प्युटरपर्यंत जातो.

डाउनलोड मध्येच तुटलं म्हणून घाबरू नका. स्टीमसारखी कॉम्प्युटर गेमची ऑनलाइन दुकानं गेमचे छोटे तुकडे करून पाठवतात, आलेला तुकडा वाया जात नाही. खरी भीती असते ती फाइल डिस्कवर लिहिली जात असताना लाईट जाण्याची. मग गेम उघडतानाच बंद पडतो. अशा वेळी लोक वैतागून सगळा गेम काढून टाकतात आणि १०० जीबी परत उतरवायला बसतात. तसं करू नका. स्टीमच्या लायब्ररीत गेमच्या नावावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, इन्स्टॉल्ड फाइल्स, आणि तिथे फाइल तपासायचा पर्याय आहे. खराब झालेलाच भाग परत येतो.

अपडेटची भानगड वेगळी. दुकान म्हणतं २ जीबी अपडेट, आणि तुमचा लॅपटॉप तासभर डिस्क खरवडत बसतो. बऱ्याच गेममध्ये हजारो फाइली एकाच मोठ्या गठ्ठ्यात बांधलेल्या असतात. त्यातलं थोडं बदललं तरी अख्खा गठ्ठा डिस्कवर नव्याने लिहावा लागतो, आणि तोवर जुना गठ्ठाही तिथेच असतो. म्हणून ५० जीबीचा गठ्ठा असेल तर २ जीबीच्या अपडेटलाही ५० जीबीच्या आसपास जागा मोकळी लागू शकते. ती नसेल तर अपडेट अडतं, आणि अपडेट अडलं की ऑनलाइन गेम आत घेत नाही. प्रीलोडचं असंच. गेम बाजारात यायच्या आधी उतरवून ठेवा म्हणतात, पण तो कुलूपबंद येतो. कुलूप उघडताना डिस्कला पुन्हा राबावं लागतं आणि जुन्या हार्ड डिस्कवर त्यातच रात्र जाते.

मग दुकानातून गेमची छापील डिस्कच आणावी, असं वाटेल. २०२२ मध्ये कॉल ऑफ ड्यूटीचा मॉडर्न वॉरफेअर २ आला, तेव्हा त्याच्या पीएस५ (सोनीचा प्लेस्टेशन ५ कन्सोल) डिस्कवर जेमतेम ७० एमबी डेटा निघाला. बाकीचा गेम नेटवरून उतरवायचा. पेटीवर देवगड हापूस छापायचं आणि आत कर्नाटकचा आंबासुद्धा नाही, नुसता पेंढा! निंटेंडोने २०२५ च्या स्विच २ या कन्सोलबरोबर गेम-की कार्ड काढलं. त्यात गेम नसतोच, फक्त किल्ली असते. निदान पाकिटावर तसं ठळक छापतात, हे त्यांच्या बाजूने. आणि पूर्ण गेम असलेल्या डिस्कचा फायदा मी नाकारत नाही. खेळून झालं की विकता येते, भावाला देता येते. फक्त दमट हवेत उघडी ठेवू नका. डबीत सिलिका जेलची पुडी टाका, आणि कन्सोल खिडकीपासून लांब ठेवा. खारा वारा आधी पोर्ट खातो.

नेटशिवाय गेम चालणार का, हा प्रश्न विकत घेण्याआधी विचारायचा. एकट्याने खेळायच्या काही गेमनाही कंपनीच्या सर्व्हरशी बोलल्याशिवाय चैन पडत नाही. जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगड-श्रीवर्धन पट्ट्यात कित्येक दिवस वीज आणि नेट नव्हतं. अशा दिवसांत विकत घेतलेला गेम जनरेटरवरही चालू होत नसेल तर तो विकला कशाला म्हणायचं? स्टीमवर ऑफलाइन मोड आहे, पण नेट असताना तो गेम पूर्ण अपडेट करून एकदा उघडून ठेवावा लागतो. जीओजी या दुसऱ्या ऑनलाइन दुकानातून घेतलेल्या गेमचा इन्स्टॉलर पेन ड्राइव्हवर ठेवता येतो, नंतर कुणाची परवानगी लागत नाही. माझ्या मते आपल्यासारख्या ठिकाणी एकच गेम दोन्हीकडे मिळत असेल तर थोडे पैसे जास्त देऊनही जीओजी घ्यावं.

युबिसॉफ्टचा द क्रू हा २०१४ चा गेम. ३१ मार्च २०२४ ला त्याचे सर्व्हर बंद झाले आणि पैसे मोजून घेतलेल्यांचाही गेम तिथेच मेला. त्यातूनच, विकलेला गेम सर्व्हर बंद झाल्यावरही चालावा म्हणणारी 'स्टॉप किलिंग गेम्स' मोहीम उभी राहिली आणि २०२५ मध्ये युरोपात तिने दहा लाख सह्यांचा आकडा ओलांडला. कॅलिफोर्नियाने कायदा केला, की मालकी मिळत नसेल तर डिजिटल मालाला नुसतं 'विकत घ्या' म्हणता येणार नाही. तेव्हापासून स्टीमच्या कार्टमध्येही लिहून येतं की तुम्हाला मिळतोय तो परवाना. मला एवढ्यावर समाधान नाही. एकूण डाउनलोड किती, अपडेटला मोकळी जागा किती लागेल, नेटशिवाय काय चालेल, सर्व्हर किमान कधीपर्यंत ठेवणार, या चार ओळी किमतीच्या शेजारी, त्याच आकाराच्या अक्षरात हव्यात.

आता जाहिरातींकडे. सायबरपंक २०७७ डिसेंबर २०२० मध्ये आला. आधी समीक्षकांना फक्त पीसीची प्रत दिली होती. पीएस४ वर तो इतका रडत चालला की आठवडाभरात सोनीने दुकानातून काढला. गेम पुढे सुधारला, पण पहिल्या दिवशी पैसे मोजणाऱ्यांनी काय घोडं मारलं होतं? ज्या गेमची परीक्षणं विक्रीच्या क्षणापर्यंत दाबून ठेवलेली असतात, त्याला थोडं लांबूनच बघा. आणि प्री-ऑर्डर, म्हणजे गेम यायच्या आधीच पैसे भरून ठेवणं, करायचं मला तरी एकही कारण दिसत नाही. डिजिटल माल संपत नाही, रांग कसली लावायची?

मोबाइलवर तर जत्राच. होमस्केप्स आणि गार्डनस्केप्सच्या जाहिरातींत पिना ओढायचं कोडं दाखवायचे, आत गेम बहुतांशी तीन रंग जुळवायचा. ब्रिटनच्या जाहिरात नियामकाने २०२० मध्ये त्या जाहिरातींना बंदी केली. तसल्याच जाहिराती आपल्या पोरांच्या फोनवर अजून येतात. प्ले स्टोअरवर दिसणारा आकडाही पूर्ण नसतो. आधी लहान ॲप, उघडल्यावर 'रिसोर्स डाउनलोड' म्हणून आणखी काही जीबी. मोबाइल डेटावर पोरगं तिथे 'ओके' दाबतं आणि दुपारी आईचा नेटपॅक संपलेला असतो.

पालकांनी प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड किंवा बोट मागायचा पर्याय लावून ठेवावा. गेम फोनवरून काढला म्हणजे वर्गणी थांबली असं नसतं. ती प्ले स्टोअरच्या सबस्क्रिप्शनमधून रद्द करा, आणि यूपीआय ॲपमधलं ऑटोपेही उघडून बघा. दर वेळी कापल्या जाणाऱ्या रकमेची सूचना २४ तास आधी यायला हवी, तो मेसेज वाचत चला.

डिजिटल विक्रीने नुकसानच केलं असं कुणी म्हणेल तर मी मान्य करणार नाही. पुण्यात बनलेला 'राजी' हा गेम २०२० मध्ये जगभर विकला गेला तो याच वाटेने, आणि वैभववाडीत बसून अस्सल गेम घेता येतो तोही याच वाटेने.

पैसे परत मागायचे नियम मात्र पाठ हवेत. स्टीमवर खरेदीपासून १४ दिवस आणि खेळण्याचे दोन तास, या दोन्हीच्या आत. जुन्या लॅपटॉपवर पहिल्यांदा गेम उघडला की शेडर (पडद्यावरचं चित्र रंगवणारे छोटे प्रोग्रॅम) तयार होण्यातच बराच वेळ जातो आणि तोही खेळण्यात धरला जातो, म्हणून घड्याळ बघत बसा. प्लेस्टेशनवर १४ दिवस आहेत, पण डाउनलोड सुरू केलंत की हक्क जवळपास गेला. 'रात्री लावून ठेवू, सकाळी ठरवू' तिथे चालत नाही. गुगल प्लेवर ४८ तास.

भारतात ३० नोव्हेंबर २०२३ पासून डार्क पॅटर्नविरुद्ध, म्हणजे ॲप-वेबसाइटवर गिऱ्हाइकाला फसवायच्या युक्त्यांविरुद्ध, मार्गदर्शक तत्त्वं आहेत. खोटी घाई लावणं, वर्गणीच्या सापळ्यात अडकवणं, दाखवायचं एक आणि द्यायचं दुसरं, हे सगळं त्यात येतं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. फोन करण्याआधी जाहिरातीचा, किमतीचा आणि पैसे कापल्याचा असे तिन्ही स्क्रीनशॉट काढून ठेवा. जाहिरात नंतर सापडत नाही.