कसर

होळी झाली की आमच्या घरी माझा स्वेटर आवरायचा सोहळा असतो. तीन वर्षांपूर्वी महाबळेश्वरच्या बाजारात घेतलेला, 'शुद्ध लोकर', घासाघीस न करता. रिठ्याच्या कोमट पाण्यात धुवायचा (गरम नको, लोकरीचे खवले एकमेकांत अडकतात आणि स्वेटर कुकुल्या बाळाच्या मापाचा होतो), पिळायचा नाही, टॉवेलात गुंडाळून दाबायचा, सावलीत खाटेवर आडवा वाळवायचा. मग पेटीत ठेवून वरून डांबरगोळ्या. वरूनच, कारण त्यांची वाफ हवेपेक्षा जड, ती खाली उतरते. बायको म्हणते, बाळंतिणीची एवढी उस्तवार होत नाही. तिची झाली नव्हती, हा मुद्दा दरवर्षी निघतो.

यंदा छातीवर मिसळीची तर्री सांडली होती. कपडे खाते ती कसरीची अळी, आणि घामा-तेलाचा डाग दिसला की ती आधी तिथंच पंगत मांडते. म्हणून पेठेतल्या लाँड्रीत गेलो.

तिथं बाकड्यावर एक म्हातारबाबा बसले होते. माणदेशातले. डोक्याला लाल पटका आणि भर मार्चमध्ये खांद्यावर घोंगडं. नातवाच्या लग्नाचा कोट न्यायला आलेले. कोटाला वेळ होता, त्यामुळे त्यांनी माझा स्वेटर हातात घेतला.

"ह्ये कशाचं?"

"लोकरीचं, बाबा. शुद्ध."

त्यांनी तो चिमटीत चोळला, नाकाला लावला आणि माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं, जशी बाजारात म्हातारी शेळी दुभती म्हणून विकणाऱ्याकडं पाहतात.

"पाव्हणं, ह्येनं मेंढरू बघितलंय तरी का?"

मी रिठा सांगितला, खाट सांगितली. त्यांनी लाँड्रीवाल्याकडं काडेपेटी मागितली. त्यानं ती दिलीही! वर काउंटरवर कोपर टेकून बघायला उभा राहिला.

आधी घोंगड्याचा धागा पेटवला. चुरचुरला, केस जळाल्याचा वास आला, काडी बाजूला घेताच विझला. राख बोटांत चुरडली, पीठ. मग मला न विचारता माझ्या स्वेटरच्या काठाचा धागा ओढला. तो काही केल्या तुटेना, ओढत ओढत वीतभर आला. काडी लावताच वितळला आणि टोकाशी काळा, टणक मणी झाला. बाबांनी तो माझ्या तळहातावर ठेवला.

"धरा. मेंढराला मणी येत न्हाई."

"म्हणजे कसर लागणार नाही ना?" मी अब्रू वाचवायला म्हणालो.

"कसर? उपाशी मरंल की ती!"

लाँड्रीवाला हसला ते हसला, पावती मात्र 'वूलन'चीच फाडली. म्हटलं, "अहो, आत्ताच तर सिद्ध झालं!" तर म्हणे, "साहेब, देताना तुम्ही वूलन म्हणालात." म्हणजे फसायचं मी आणि दरही फसवणुकीच्याच मापानं! महाबळेश्वरच्या त्या दुकानदाराला काय बोलणार, त्याच्या पाटीवर मेंढीचं चित्र होतं. मेंढीनं काही लिहून दिलं नव्हतं.

पावती परत केली, स्वेटर उचलला आणि घरी आलो. तीन वर्षांत कसरीला जमलं नाही ते भोक काठाशी पडलं होतं, तेही काडेपेटीवाल्या तज्ज्ञाच्या कृपेनं.

बायकोनं काही न विचारता तो पोरांच्या गणवेशांबरोबर मशीनमध्ये टाकला. गरम पाणी, साधी पावडर. तर्री गेली. मापात सुताचाही फरक नाही.

एक वीत तरी आटायला काय हरकत होती?