दुसरी पत्री सापडली का?

मेटल डिटेक्टर घेऊन फिरणारा माणूस लांबून बघितला तर कोणीतरी अख्ख्या शेताला इस्त्री करतोय असं वाटतं. मी गेली दोन वर्षं इंग्लंडातल्या ससेक्समध्ये दर रविवारी ही इस्त्री करतो. शेजारच्या गोऱ्या आजोबांनी नाद लावला, साडेतीनशे पौंडांचं मशीन घेतलं, एका शेतकऱ्याची रीतसर परवानगी काढली (काही किमती निघालं तर निम्मं त्याचं), आणि बायकोला सांगितलं की जिमपेक्षा स्वस्त पडतं.

वस्तू सापडणं अवघड नाहीये हो, ढिगाने सापडतात. सापडलंय काय ते ओळखणं, तिथे सगळा घोळ. मशीन बिचारं नुसता आकडा दाखवतं, आणि सोन्याच्या अंगठीचा जो आकडा साधारण तोच कोल्ड्रिंकच्या कॅनच्या त्या ओढायच्या कडीचा, त्यामुळे प्रत्येक कडीपुढे चिखलात गुडघे टेकून, श्वास रोखून, तिला अंगठीचा मान द्यावा लागतो. आतापर्यंत मी अशा एकेचाळीस कड्यांना मान दिला. शिशाचा गोळा निघाला तर तो बंदुकीचा असेल, नाहीतर कसलं तरी वजन. चपटी गोल चकती म्हणजे नाणं असं मन ओरडतं आणि पुसल्यावर मागे तुटकी दांडी दिसते, म्हणजे दोनशे वर्षांपूर्वी कुणाच्या तरी कोटाचं बटण तुटलं आणि आज माझा रविवार गेला.

इकडे याला कायदा पण आहे, 1996 चा. तीनशे वर्षांहून जुनी आणि वजनात किमान दहा टक्के सोनं किंवा चांदी असलेली वस्तू मिळाली तर चौदा दिवसांत कॉरोनरला कळवायचं. कॉरोनर म्हणजे संशयास्पद मृत्यूची चौकशी करणारे साहेब. मयत आणि खजिना एकाच टेबलावर का, ते इंग्रजांनाच ठाऊक. मी ही माहिती मोठ्या तोऱ्यात वडिलांना, म्हणजे अण्णांना सांगितली तर म्हणाले, आपल्याकडे पण 1878 चा हाय की, दहा रुपयाच्या वर घबाड घावलं की कलेक्टरला कळवायचं.

अण्णा आणि आई सातारा जिल्ह्यातून तीन महिन्यांसाठी आले होते. त्याच सुमारास मला ती वस्तू मिळाली. लोखंडी, तळहातापेक्षा लहान, एका बाजूला गोलसर आणि दुसऱ्या टोकाला निमुळती, आपल्या स्वल्पविरामासारखी, कडेला चार भोकं. मी तीन रात्री जागलो. यूट्यूब बघितलं, फोटोवरून ओळखणाऱ्या ॲपला विचारलं (ॲप म्हणालं, काजू). शेजारच्या आजोबांनी चष्मा वर करून पेटीचा कोयंडा असावा असं सांगितलं. मी मनातल्या मनात तिला इथल्या जुन्या काळच्या सॅक्सन सरदाराच्या ढालीवर बसवून टाकलं होतं, खोटं कशाला बोलू.

चौथ्या दिवशी सकाळी अण्णा चहा घेता घेता टेबलापाशी आले, वस्तू उचलली, उलटी केली आणि परत ठेवली.

"पत्री हाय बैलाची."

"अण्णा, हे इंग्लंड आहे."

"मग हितल्या बैलाला खूर नसत्यात व्हय?"

आता यावर काय बोलणार. नंतर शोधलं तर म्हातारा शंभर टक्के बरोबर. ससेक्सच्या टेकड्यांवर अगदी विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत बैलांनी नांगरट व्हायची. घोड्याचा खूर अखंड म्हणून त्याला एक नाल, बैलाचा दुभंगलेला म्हणून एका पायाला दोन पत्र्या, आणि बैल काही तीन पायांवर धड उभा राहत नाही म्हणून त्याला दोरीने आडवा पाडून पत्र्या मारायच्या. अण्णांनी तर गावचा नालबंद कसा मानेवर माणूस बसवायचा ते सोफ्याच्या उशीवर बसून करून दाखवलं.

मग आईला पण हुरूप आला. माझ्याकडे एक रोमन नाणं होतं, इ.स. 330 नंतरचं, करंगळीच्या नखाएवढं, हिरवंगार. हे मात्र मी स्वतः ओळखलं होतं, कारण मागच्या बाजूला लांडगीण रोम्युलस आणि रेमसला, म्हणजे रोमच्या दंतकथेतल्या जुळ्या पोरांना, पाजतेय. आईने खिडकीत उजेडाला धरून बघितलं आणि म्हणाली, कुत्री आहे रे, पिल्लं पितायत. मी कौतुकाने म्हटलं, जवळजवळ बरोबर! आणि ऑफिसला गेलो. ही माझी चूक.

संध्याकाळी आलो तर नाणं देवघरातल्या निरांजनाशेजारी लखलखत होतं. "किती कळकटलं होतं, चिंच-मीठ लावून स्वच्छ केलं." या असल्या नाण्यांचं नक्षीकाम बरेचदा त्या हिरव्या थरातच उरलेलं असतं, थर गेला की चित्र गेलं. लांडगीण गेली, दोन्ही पोरं गेली, सतराशे वर्षं मातीत टिकलेलं रोम माझ्या सिंकमधून वाहून गेलं. मला आईला काही बोलता येईना कारण ती एवढी खूश होती, वर विचारते, बाकीची पण देतोस का?

इकडे 1997 पासून सरकारमान्य योजना आहे, सापडलेल्या वस्तू नेऊन दाखवायच्या, तज्ज्ञ नोंद करून ठेवतात. तिथल्या बाई फार सोज्वळ. नाणं त्यांनी भिंगाखाली बराच वेळ फिरवलं आणि हळूच विचारलं, हे कशाने साफ केलंत? मी म्हटलं, चिंच. त्यांनी स्पेलिंग विचारलं. पत्री बघून मात्र लगेच म्हणाल्या, बैलाचा नाल, पण एवढी जुनी नसावी, आम्ही जास्त करून तीनशे वर्षांपूर्वीच्याच वस्तू नोंदवतो. म्हणजे अण्णांनी चहाच्या दोन घोटांत सांगितलं तेच ऐकायला मी अर्धी सुट्टी टाकून गेलो होतो.

आता अण्णा गावी आहेत. रविवारी संध्याकाळी व्हिडिओ कॉल लागला की तब्येत, नातू, पाऊस सगळं बाजूला राहतं.

"दुसरी पत्री सापडली का?"

"नाही अण्णा."

"बघ नीट. एका बैलाच्या आठ असत्यात. सात तिथंच असणार, जात्यात कुठं."

आज परत गेलो होतो. त्याच कोपऱ्यात झकास सिग्नल आला, वीतभर खणलं.

बेचाळिसावी कडी.