मांडवातली बोट

सोलापुरात दारासमोर ट्रॅक्टर, बैलगाडी, यंत्रमागाचे सुटे भाग, काहीही पडलेलं असलं तरी कुणी मान वळवत नाही. बोट उभी असली की मात्र येणारा-जाणारा आधी बोटीकडे बघतो, मग आभाळाकडे आणि शेवटी काळजीने घरमालकाकडे. तळी आमच्याकडे आहेत. सिद्धेश्वर तलाव आहे, संभाजी तलाव आहे, गावाबाहेर हिप्परगा आहे. पण तिथं माणूस वारा खायला जातो. घरून बोट घेऊन कुणी निघत नाही.

बोट माझ्या मेहुण्याची. तो करमाळा तालुक्यात, उजनीच्या फुगवट्याला लागून असलेल्या गावात राहतो. १९८० साली भीमेवरचं धरण पुरं झालं, त्यात त्यांच्या घराण्याची काळी जमीन पाण्याखाली गेली. आता त्याच पाण्यावर चार पैसे मिळवायचे, असा त्याचा सरळ हिशोब. हिवाळ्यात तिथं रोहित पक्षी येतात, पक्ष्यांमागोमाग पुण्या-मुंबईचे कॅमेरे येतात आणि कॅमेऱ्यांना बोट लागते. म्हणून त्याने हंगाम संपल्यावर एक जुनी, चौदा फुटी फायबरची बोट स्वस्तात घेतली आणि ऐन मे महिन्यात टेंपोतून थेट माझ्या अंगणात उतरवली.

"दाजी, तुमचं अंगण मोठं आहे. रबिंगचं मशीन सोलापुरात भाड्यानं मिळतंय. आणि तुम्ही आता रिटायर झालाय की."

तिन्ही विधानं खरी असल्यामुळे मला काही बोलता येईना.

बोट मूळची निळी आहे, असं विकणाऱ्याने त्याला सांगितलं होतं. बाकाखाली जिथं कधी ऊन पोचलंच नव्हतं, तिथं हातभर पट्टा खरोखर निळा होता. बाकी सगळी बोट मळकट पांढरी. हात फिरवला की तळव्याला भुकटी. मेहुण्याचं म्हणणं, बोट धुवायची, मेणाचा हात मारायचा आणि संध्याकाळच्या टेंपोने परत न्यायची. ही त्याची एकट्याची समजूत नाही. जगात बहुतेकांना वाटतं की मेणाने चकाकी येते. मेणाने चकाकी येत नाही. असलेली चकाकी मेण राखतं, एवढंच. भुकटीवर मेण चोपडलं तर बोट फोटोपुरती ओली ओली दिसते आणि महिन्याभरात पुन्हा भुरकट होते.

त्याचं कारण बोटीच्या जन्मात आहे. फायबरच्या बोटीला रंग बाहेरून दिलेला नसतो. आधी साचा घासूनपुसून गुळगुळीत करतात, त्याला मेण लावतात, त्यावर रंगीत राळेचा थर मारतात आणि मग त्याच्यामागे काचेच्या तंतूंची चटई आणि राळ यांचे थर चढवत जातात. म्हणजे बोटीची कातडी आधी जन्मते, हाडं मागाहून. या कातडीला जेलकोट म्हणतात आणि तिची जाडी असते साधारण अर्धा मिलिमीटर. उन्हातले अतिनील किरण तिचा वरचा पापुद्रा जाळतात, तो मरतो आणि त्याची भुकटी होते. पॉलिश करायचं म्हणजे हा मेलेला पापुद्रा खरवडून खालचा जिवंत थर वर आणायचा. खरवडलेलं परत येत नाही, त्यामुळे हात आखडताच हवा.

हे मी मेहुण्याला समजावत होतो तेव्हा कुंपणापलीकडे एक गॅरेजवाला मिस्त्री उभा होता. आमच्या गल्लीत कुणाचंही काम कुणीही उभं राहून बघू शकतं, त्याला आमंत्रण लागत नाही.

"काका, सहाशेचा पेपर हाणा, दोन तासात मोकळे व्हा."

हाच मिस्त्री गाडीच्या बॉनेटवर साधं ओरखडं काढायचं असलं तरी अडीच हजार नंबरच्या खाली उतरत नाही; पेपरचा नंबर जितका लहान, तितका तो खरखरीत. गाडीवरचा वरचा पारदर्शक थर जेलकोटच्या जेमतेम दहावा हिस्सा असतो, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. पण लोकांच्या बोटीच्या बाबतीत माणूस उदार होतो. नियम असा की फूटभर जागा निवडायची, तिथं सगळ्यांत सौम्य कंपाउंडने, म्हणजे घासायच्या पेस्टने, सुरुवात करायची आणि जमलं नाही तरच कडक मालाकडे वळायचं. आमच्या बोटीची एक बाजू नुसत्या कंपाउंडवर भागली. जी बाजू वर्षानुवर्षं उन्हाला लागलेली, तिला मात्र १०००, मग १५००, मग २००० नंबरचा पाणीपेपर, म्हणजे ओला करून घासायचा पेपर, मारावा लागला.

पाणीपेपरला पाणी लागतं. इथून पुढे हा लेख सोलापूरकरांना निराळा वाचून दाखवायची गरज नाही.

आमच्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येतं आणि ते बव्हंशी उजनीचंच असतं. म्हणजे ज्या पाण्यावर ही बोट तरंगायची, ते पाणी शंभर किलोमीटर पाइपातून आणि नदीतून येऊन माझ्या हौदात पडणार, त्याने मी बोट धुणार आणि धुतलेली बोट टेंपोने त्याच पाण्याकडे जाणार. या व्यवहारात तोटा कुणाचा, हे बायकोने पहिल्या बादलीलाच सांगितलं. हौदाचं झाकण तिने ताब्यात घेतलं. कपडे विसळलेलं पाणी पहिल्या धुण्याला चालेल, चांगलं पाणी फक्त शेवटच्या धुण्याला, तेही मोजून, असा करार झाला. करार तिच्या बाजूने होता, पण वाईट नव्हता. पहिल्या धुण्यात निघतो तो चिखल आणि वाळू, आणि वाळूचा एक कण जरी राहिला तरी पेपरखाली सापडून अर्धवर्तुळाकार रेघा काढत सुटतो. समोरच्या गच्चीवरून मात्र आवाज आला, "हितं प्यायला पाणी नाही आणि ह्यांचं बोटीला अभ्यंगस्नान चाललंय बघ." मी वर न बघता पेपर घासत राहिलो. पाण्याच्या प्रश्नावर सोलापुरात वाद घालून कुणी जिंकलेलं मी पाहिलेलं नाही.

पाण्याहून अवघड गोष्ट सावली. कंपाउंड काय आणि मेण काय, पृष्ठभाग थंड असेल तरच नीट चालतं. तापलेल्या बोटीवर कंपाउंड पसरायच्या आत वाळून खापरी होतं आणि मेण असं चिकटतं की ते काढायला पुन्हा कंपाउंड लागतं. आमच्या मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडून पुढे किती जायचं ते आपल्या मनाने ठरवतो. थंड पृष्ठभाग म्हणून जी काही चीज आहे ती पहाटे मिळते, नाहीतर फरशीखाली. म्हणून मांडववाल्याला बोलावलं.

त्याने पावतीपुस्तक उघडून विचारलं, "कार्य काय?"

"बोटीला पॉलिश."

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं आणि 'इतर' असं लिहिलं. पण मांडव म्हटला की त्याच्या माणसांचा हात थांबत नाही. कापडाला झालर लावूनच ते गेले. ऐन लग्नसराईत दारात झालरीचा मांडव म्हटल्यावर लोक चपला काढून आत यायला लागले. एक दूरचे नातेवाईक मुलाला घेऊन आले, बोट पाहून क्षणभर थबकले, पण चहा घेऊनच गेले. पोरांना वाटलं, गड्ड्याच्या जत्रेतला पाळणा यंदा लवकर आला. मंडळाचा कार्यकर्ता आला, त्याने बोटीला दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाला, "काका, गणपतीला ठेवा की हितंच. समुद्रमंथन करतो." शेजारच्या आजींनी शेंगतेलाचा हात मारायला सांगितलं. तेल मारून बघायला आजी कुणाच्या परवानगीसाठी थांबल्या नाहीत. कोपरा संध्याकाळभर झळझळला आणि सकाळी त्याच्यावर रस्त्यावरची निम्मी धूळ बसलेली होती.

आता मशीन. गोल फिरणारं रबिंग मशीन हातात धरणं म्हणजे पहिल्यांदा जुंपलेलं खोंड धरणं. लोकरीचा पॅड चारी अंगांनी सपाट टेकला तर ते मुकाट चालतं. एका कडेवर जरा कललं की त्या दिशेला आपल्याला घेऊन निघतं. मिनिटाला हजार-दीड हजार फेरे पुरतात. मेहुण्याला पुरत नव्हते. त्याचं मत असं की बटण शेवटपर्यंत जातं म्हणजे ते शेवटपर्यंत न्यायचं असतं. त्या वेगात कंपाउंड पॅडवर राहत नाही. ते मांडवाच्या झालरीवर, भिंतीवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर आणि चहा घेऊन आलेल्या त्याच्याच बहिणीवर जातं. तिने कप खाली ठेवला, मशीनची वायर प्लगातून काढून घेतली आणि आत गेली. पुढचं काम वेग कमी ठेवण्याच्या अटीवर सुरू झालं. काठांवर आणि कोपऱ्यांवर जेलकोट पातळ असतो, तिथं मशीन नेलं की थर जळून खालची काचेची चटई दिसायला लागते. ते सगळं हाताने. पाठ, मनगट, मान या अवयवांची स्वतंत्र ओळख व्हायची असेल तर माणसाने बोटीचे काठ हाताने घासून बघावेत.

आणि मग निळं वर आलं. एकदम नाही, दोन-दोन फुटांचे तुकडे करत, पुसत, पुन्हा घासत. बाकाखालच्या पट्ट्याशी रंग जुळला तेव्हा मेहुणा बराच वेळ काही बोलला नाही, हे त्याच्या बाबतीत नवल.

मेण पुसायला कापड हवं होतं. इथं मात्र सोलापूरने हात दिला. बोटी जिथं पिकतात त्या गावांकडे समुद्र असेल, पण टेरी टॉवेल आमचा आहे, सरकारी भौगोलिक मानांकनासकट. मागच्या गल्लीतले अण्णा आयुष्यभर टॉवेलच्या कारखान्यात होते. मराठीत सुरुवात करून तेलुगूत शेवट करण्याची त्यांची पद्धत, त्यामुळे सल्ल्याचा उत्तरार्ध मला नेहमी हातवाऱ्यांवरून घ्यावा लागतो. त्यांनी सेकंडच्या मालाचा गठ्ठा आणून टाकला आणि कात्रीने सगळ्या टॉवेलांच्या शिवलेल्या कडा आधी कापून टाकल्या. कडेचा दोरा कडक असतो, तो ओरखडतो. काम करतात ते मधले सुती फासे. नव्या टॉवेलला खळ असते आणि त्याची लव सुटते, म्हणून दोनदा धुऊन घ्यायचा. (बायकोने हौदाकडे पाहिलं.) इतके दिवस सल्ला देणाऱ्यांची रांग लागली होती, त्यात बोट कधीच न पाहिलेला हा एकटाच माणूस बरोबर निघाला.

डब्यातलं मेण कार्नोबाचं. ब्राझीलच्या ईशान्येला कोरड्या, तापलेल्या मुलखात एक ताड उगवतो. अंगातलं पाणी उडू नये म्हणून तो पानांवर मेणाचा थर चढवतो. लोक पानं वाळवून तो झाडून घेतात. त्या झाडाबद्दल मला फार आपुलकी वाटली. मेण लावायचं पातळ, अगदी कंजूषपणे. धुरकट झालं की हाताचं बोट फिरवून बघायचं, रेघ स्वच्छ उमटली की पुसायचं. मेहुणा लाडू वळायला घेतल्यासारखा मूठभर घेत होता. त्याला बजावून सांगितलं: बाहेरच्या अंगालाच लावायचं. आतला तळ आणि बाक यांना मेणाचं बोटही लागता कामा नये.

बोट गेली, मांडव उतरला. मग एक दिवस मेहुण्याचा फोन.

"दाजी, पाणी कसं थेंब थेंब होऊन पळतंय बघा, टिकतच नाही अंगावर."

"छान. थेंब व्हायचे थांबले की पुन्हा मेण लावायचं."

"ते करतो की. पण आई बसली होती बोटीत."

"बरं मग?"

"बसली ती पुढच्या बाकावर. उठली ती मागच्या."

काठालाच बांधलेली होती बोट, सासूबाईंना काही झालेलं नव्हतं. त्यांचा आवाज मागून स्पष्ट येत होता आणि त्यात 'जावई' हा शब्द वारंवार होता.

"डब्यात थोडं उरलं होतं," मेहुणा म्हणाला. "वाया कशाला घालवायचं म्हणून आतनं पण हात मारला."

मी त्याला सांगितलं, थिनरच्या फडक्याने आतलं सगळं पुसून काढ, फडकं बदलत राहा. मग साबणाने घास. आणि पावसाळ्यानंतर तळाला रंग देशील तेव्हा त्यात बारीक चाळलेली वाळू मिसळ, म्हणजे पाय धरून राहील.

"वाळू?" त्याने आवाज एकदम खाली आणला. "दाजी, फोनवर वाळूचं काही बोलू नका की."